दुसरी प्रश्नावली

सतरावा प्रश्न मी वाचून संपवला आणि शरयू उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेरच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

"हे आले," ती म्हणाली. ती दचकली नाही. रोजच्या वेळेला रोजची बस यावी तसं म्हणाली.

मी मात्र दचकले. माझ्या मांडीवर पुठ्ठ्याच्या पाटीला दोन प्रश्नावल्या लावलेल्या होत्या, एक वर, एक खाली. खालची वर आणि वरची खाली करायला मला तीनेक सेकंद लागले. प्रशिक्षणात हे आमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं. माणूस बूट काढून आत येईपर्यंत मी शांतपणे विचारत होते, "आठवड्यातून किती वेळा पालेभाजी खाता?"

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. नेदरलँड्समधलं आइंडहोवन शहर, मार्चमधला एक शुक्रवार. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. सांगलीत शाळेत गणित शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, डच शिकले, आणि मुलगी शिकायला बाहेर पडल्यावर काहीतरी काम हवं म्हणून एका विद्यापीठात मुलाखती घ्यायला लागले.

युरोपातल्या काही देशांतली विद्यापीठं मिळून एक अभ्यास करत होती. घराच्या आत बायकांना किती मारहाण होते, किती जणींना बाहेर जाऊ दिलं जात नाही, आणि हे व्हायच्या आधीच थांबवायला काय करता येईल, असा विषय. परदेशातून आलेल्या बायकांशी त्यांच्या भाषेत बोलायला माणसं हवी होती. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या बायका माझ्याकडे होत्या. घरी जाणाऱ्या पत्रावर मात्र 'महिलांचं आरोग्य आणि राहणीमान' एवढंच लिहिलेलं असायचं. मुलाखत चालू असताना कुणी आलं तर काढायची दुसरी प्रश्नावली त्या पत्राला शोभेल अशीच होती. भाजी, झोप, चालणं, चष्मा.

आमच्या प्रमुख बाईंचं नाव मारायके. उंच, सावकाश बोलणारी डच बाई. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुम्ही पोलीस नाही आणि डॉक्टरही नाही. प्रश्न विचारायचा, उत्तर लिहायचं, मदतीच्या फोन नंबरची चिठ्ठी द्यायची आणि निघायचं. तुम्ही तिथं जास्त काही केलंत तर त्याची शिक्षा तिला होईल, तुम्हाला नाही."

शरयू माझी एक्केचाळिसावी. शरयू हे तिचं खरं नाव नाही. तिच्या नवऱ्याला मी तुषार म्हणणार आहे, तेही खरं नाही. बुधवारी मी दार वाजवलं तेव्हा तिनं सांगितलं होतं, "शुक्रवारी साडेदहाला या." जळगावची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली. पाचव्या मजल्यावरचं नीटनेटकं घर. पहिल्या सोळा प्रश्नांना तिनं 'नाही' म्हटलं होतं. कधी मारलं का, नाही. ढकललं का, नाही. बाहेर जायला अडवलं का, नाही. मला बरंच वाटलं होतं. अशी मुलाखत घेऊन घरी गेल्यावर जेवण जातं.

तुषार आत आला. तिशी ओलांडलेला, चेहऱ्यानं हसरा. त्यानं दाराला आतून किल्ली लावली, फिरवली आणि पँटच्या खिशात टाकली.

"नमस्कार ताई. पत्र आलं होतं ते ना? बसा, बसा. उठू नका." मग दाराकडे बघून म्हणाला, "कुलपाची सवयच लागते हो इथं. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाली मागे."

मी दाराकडे पाहिलं. आतल्या बाजूला कडी नव्हती, किल्लीचं भोक तेवढं होतं. मघाशी शरयूनं ते नुसती मूठ फिरवून उघडलं होतं, आता किल्लीशिवाय ते उघडणार नव्हतं.

तो शरयूच्या शेजारी सोफ्यावर बसला. "चालू द्या तुमचं. मीही ऐकतो. माझ्याही ज्ञानात भर."

पालेभाजीचं उत्तर त्यानंच दिलं. पुढच्या दोन प्रश्नांचीही त्यानंच दिली. मला हायसं वाटलं. पाच-सात मिनिटांत संपवायचं, चहा नको म्हणायचं, दार उघडून घ्यायचं आणि जायचं. मी चौथा प्रश्न वाचला. "आठवड्यातून किती दिवस चालायला बाहेर जाता?"

"रोज," तुषार म्हणाला. "खाली कालवा आहे ना, त्याच्या कडेनं जातो आम्ही."

"दिवाळीनंतर नाही," शरयू म्हणाली.

मी लिहिता लिहिता थांबले. ती माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

तुषार हसला. "थंडी सहन होत नाही हिला. शून्य लिहा ताई, खरं तेच लिहा."

मी शून्य लिहिलं. "रात्री साधारण किती तास झोप होते?"

"नक्की सांगता येत नाही," शरयू म्हणाली. "हे जागे असले की झोपायचं नाही, असं आहे."

"म्हणजे मी उशिरापर्यंत काम करतो, तर ही सोबत बसते. मी कितीदा सांगतो झोप म्हणून."

एकटी असताना जी मुलगी सगळ्याला नाही म्हणत होती, तीच आता त्याच्या मांडीला मांडी लावून बसून एकेक गोष्ट सांगत होती. भाजी आणि झोपेच्या प्रश्नांची खरी उत्तरं देत होती. तिला कळत नव्हतं का? मी दहा मिनिटांनी उठून जाणार होते. प्रत्येक उत्तराचं पुढं काय होणार होतं ते मला दिसत होतं, आणि मीच एकामागून एक प्रश्न तिच्यापुढं ठेवत होते.

मी तिला वाचवायचं म्हणून दोन पानं एकदम उलटली.

"ताई, मधलं पान राहिलं," शरयू म्हणाली.

"ते तुम्हाला लागू नाही."

"बघा तरी."

तुषारनंही मान हलवली. "राहू नये काही. पुन्हा यावं लागेल तुम्हाला."

मी पान मागं घेतलं. "माहेरच्या माणसांशी, मैत्रिणींशी किती वेळा बोलणं होतं?"

"आईशी महिन्यातून एकदा. स्पीकर लावून."

"चष्मा आहे का?"

"होता. जानेवारीत फुटला."

"पडला हिच्या हातून," तुषार म्हणाला. "वेंधळी आहे ना."

"हातात नव्हता," शरयू म्हणाली. "डोळ्यांवर होता."

तुषारचं हसू तसंच होतं, पण त्यानं शरयूच्या मागं सोफ्याच्या पाठीवर हात पसरला आणि तिच्या खांद्याजवळ बोटं हळूहळू आपटायला लागला. मारल्यासारखं नाही. टेबलावर ताल धरावा तसं. ती हलली नाही.

छापील प्रश्न संपायला आणखी दहा मिनिटं लागली. मला उठायचं होतं. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला तिच्याविषयी काही वाटत नव्हतं. मला फक्त त्या दारातून बाहेर पडायचं होतं.

"झालं," मी म्हटलं.

"झालं ना?" तुषार उठला. "छान. ताईंना जिन्यापर्यंत सोडतो."

"बसा ना," शरयू म्हणाली. "अजून असतील प्रश्न."

ती हे अगदी साधं म्हणाली, पाहुण्याला आणखी एक पोळी वाढावी तसं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय तिला मी नीट दिसतही नसेन, पण ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बसलेली असेपर्यंत तो नीट बोलत होता. बोटं सोफ्यावर आपटत होती, तिच्यावर नाही. मी उठले की हे संपणार होतं. ती मला जाऊ देत नव्हती.

मी पुन्हा बसले. "हो, आहेत. स्वयंपाकाचे राहिले."

कागदावर स्वयंपाकाचे प्रश्न नव्हते. मी मनानं विचारायला लागले. तेल कोणतं वापरता? मीठ किती? डाळीला कुकरच्या किती शिट्ट्या करता? भाकरी करता का? ज्वारीचं पीठ कुठून आणता? कोऱ्या पानावर मी खुणा करत होते आणि शरयू प्रत्येकाचं सविस्तर उत्तर देत होती. कळण्याची भाकरी कशी करतात, उडीद आणि ज्वारीचं प्रमाण काय, पीठ ताजं नसलं की काय होतं. तुषार आधी बसला, मग उठला, मग खिडकीशी जाऊन उभा राहिला, मग घड्याळ पाहिलं. पाऊण तास मी रेटला. सबंध आयुष्यात पहिल्यांदा मी हातात पुस्तक नसताना तास घेत होते.

"ताई, बघू जरा," तो एकदम म्हणाला आणि त्यानं पाटीच माझ्या हातातून घेतली.

वर दुसरी प्रश्नावली होती. तिच्या खाली, एका क्लिपमध्ये, पहिली. सोळा खुणा केलेली.

त्यानं वरची पानं चाळली. "शिट्ट्यांचं कुठंय यात?"

मी जे बोलले ते मी ठरवून बोलले नाही. वर्गात अचानक तपासनीस आला की जसा आवाज निघायचा, तसा माझा आवाज निघाला.

"ती तोंडी माहिती असते. वजन-उंची घेताना लागते. पुढचा भाग केंद्रावर होतो ना. वजन, उंची, रक्तदाब. तुम्हाला पत्रात दिसलं नाही का?" मी हात पुढं केला आणि त्यानं पाटी परत दिली. "दुपारी एकपर्यंत वेळ आहे आजची. नाही जमलं तरी हरकत नाही. अर्धवट राहिलेल्यांकडे मग दुसऱ्या कुणाला तरी पाठवतात. नगरपालिकेच्या यादीवरून घेतलेली नावं आहेत, त्यामुळे सोडत नाहीत. दोन-तीनदा येतात."

दोन-तीनदा येतात, हे त्याला लागलं. तो विचार करत उभा राहिला.

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

"मी सोडतो गाडीनं. दोघींनाही."

"मी केंद्रावर कळवते तसं," मी म्हटलं आणि त्याच्यासमोरच मारायकेला फोन लावला. त्याला थोडीफार डच येत असणार, हे धरूनच बोलले. "मारायके, मी एका बाईंना आणि त्यांच्या मिस्टरांना घेऊन येते आहे. वजन-उंची घ्यायची आहे. मोजमापाची खोली रिकामी आहे ना?"

आमच्याकडे मोजमापाची खोली नव्हती. वजनकाटाही नव्हता. पलीकडे दोन क्षण काहीच ऐकू आलं नाही. मी फोन कानाला दाबून धरला होता, तो माझ्याकडे बघत होता.

"हो," मारायके सावकाश म्हणाली. "खोली तयार ठेवते. सावकाश या."

शरयूनं त्याचं जाकीट घातलं. तिचं स्वतःचं नव्हतं. पायमोज्यांवर सपाता घातल्या, कारण बूटही नव्हते. तुषारनं खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. मी बाहेर पाऊल टाकलं तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावरून पिशवी उतरवली.

"द्या ताई. जड आहे."

पाटी त्या पिशवीत होती. नको म्हटलं असतं तर संशय आला असता. मी देऊन टाकली. गाडीत त्यानं ती स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवली आणि आम्हा दोघींना मागं बसवलं. मागच्या दारांना लहान मुलांसाठी असतं तसं कुलूप होतं. त्यांना मूल नव्हतं.

"तुम्ही सांगलीच्या तांबवेकर ना?" आरशातून बघत तो म्हणाला. "तुमच्या मिस्टरांना ओळखतो मी. मराठी मंडळाच्या गणपतीला आरतीला भेटलोय. तुमचं घर ते चर्चच्या मागं."

"हो," मी म्हटलं.

"लहानच गाव हे. सगळे सगळ्यांना ओळखतात."

पंधरा मिनिटांच्या त्या रस्त्यात शरयू एकही शब्द बोलली नाही. मी तिच्याशी डोळ्यांनीही काही बोलले नाही, कारण आरसा होता. तिला आपण कुठं चाललोय हे कळलंय की नाही, हेही मला माहीत नव्हतं. कदाचित तिला खरंच वाटत असेल की वजन करायला चाललोय. लाल दिव्याशी गाडी थांबली की मला वाटे, आता हा मागं वळेल आणि पिशवीत हात घालेल.

विद्यापीठाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मारायके पांढरा कोट घालून उभी होती. तो कोट तिनं प्रयोगशाळेतून आणला होता हे मला नंतर कळलं. तिच्या मागं एका छोट्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत जमिनीवर टपालखोलीतला पार्सलं मोजायचा काटा ठेवलेला होता. भिंतीला उंचीची पट्टी चिकटवली होती, जरा तिरकी.

"मी आत येतो," तुषार इंग्रजीत म्हणाला.

"कपडे उतरवावे लागतात," मारायके म्हणाली. "बाहेर बसा. कॉफी त्या कोपऱ्यात आहे."

शरयू काट्यावर चढली. सत्तेचाळीस किलो. तुषारनं तो आकडा वाचला, त्याचं समाधान झालं असावं, आणि दार बंद झालं.

आम्ही दोघं बाकावर बसलो. पिशवी त्याच्या मांडीवर होती. तो माझ्याशी बोलत राहिला. आईला गुडघ्याचा त्रास आहे, इकडे आणायचं म्हणतो. शरयू हुशार आहे पण इथं रमत नाही, मन गुंतवून घ्यायला पाहिजे. त्यानं मला यंत्रातून कॉफी आणून दिली, साखर विचारून. मला तो माणूस वाईट वाटेना, हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. माझ्या भावाचा मित्र म्हणून घरी आला असता तर मी त्याला जेवायला थांबवलं असतं.

वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. त्यानं दाराकडे पाहिलं. "वजन करायला एवढा वेळ?"

"रक्तदाब तीनदा घेतात."

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. मारायके एकटीच बाहेर आली. तिच्या मागून इमारतीचा रखवालदार आला, सहा फुटांचा माणूस, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. खोली रिकामी होती. त्या खोलीला मागच्या जिन्यात उघडणारं दुसरं दार आहे, हे मी चार महिने तिथं काम करूनही कधी पाहिलं नव्हतं.

"तुमची पत्नी आज तुमच्याबरोबर घरी येणार नाही," मारायके म्हणाली. "तो तिचा निर्णय आहे. ती सुरक्षित आहे."

मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहिली. तो ओरडला नाही. त्यानं मारायकेकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे वळला.

"ताई, तिनं काय सांगितलं तुम्हाला?"

"काही नाही."

"काहीतरी सांगितलं असेल."

"खरंच काही नाही. मी जे जे विचारलं त्याला ती नाही म्हणाली."

त्यानं पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली, अगदी हलक्या हातानं. "पासपोर्ट माझ्याकडे आहे तिचा," तो म्हणाला. "येईलच ती. मी थांबतो." आणि बाकावर नीट बसला. संध्याकाळी पाचला इमारत बंद होईपर्यंत तो तिथंच बसून होता. मी मारायकेच्या खोलीत आतून दार लावून बसले होते. काचेतून मला त्याचे बूट दिसत होते.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाच्या समितीपुढं मला बोलावलं. मी दुसऱ्या प्रश्नावलीत खोटे प्रश्न घातले, अभ्यासाच्या नावावर खोटं सांगितलं, आणि एका बाईला आणि स्वतःला जिवाच्या धोक्यात घातलं, असे आक्षेप होते. एका सभासदानं विचारलं, "गाडीत त्यानं पिशवी उघडली असती तर?" तो प्रश्न मी अजूनही स्वतःला विचारते. मला कमी करण्याच्या पत्रावर मारायकेची सही होती. सही करायच्या आधी ती माझ्या घरी आली होती आणि स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "नियम बरोबर आहे, सुनेत्रा. तूही चूक केली नाहीस. मला दोन्ही एकत्र कसं लिहायचं ते कळत नाही."

मंडळात आम्हाला बोलावणं बंद झालं. मी एक घर मोडलं, असं माझ्या नवऱ्याला दोघांनी तोंडावर सांगितलं. ते ऐकून तो घरी आला आणि म्हणाला, "चर्चच्या मागचं घर बदलू या." आम्ही बदललं.

शरयूचा फोन दीड वर्षानं आला. पोलिसांनी पासपोर्ट मिळवून दिला होता, घटस्फोट चालू होता, आणि ती दुसऱ्या एका गावात दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत काम करत होती. आवाज तोच होता, पण वेगानं बोलत होती.

"डाळीच्या शिट्ट्या कागदावर नव्हत्या ना?" तिनं विचारलं.

"नव्हत्या."

"मला वाटलंच. असं कोण विचारतं."

आम्ही दोघी हसलो. मग मी तिला विचारलं, की एकटी होतीस तेव्हा सगळ्याला नाही का म्हणालीस.

"हो म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, ताई? लिहून घेतलं असतं, चिठ्ठी दिली असती आणि गेला असतात. चिठ्ठी मी कुठं ठेवणार होते? ते रोज कपाटं बघायचे." मग म्हणाली, "शुक्रवारी ते अकराला घरी यायचे. मला माहीत होतं."

"म्हणजे तू मुद्दाम शुक्रवार सांगितलास?"

"मुद्दाम म्हणजे, ठरवून नाही. पण कुणीतरी ते आत आल्यावर घरात असावं, असं वाटायचं. सांगता येत नव्हतं, म्हणून बघावं कुणीतरी. आणि तुम्ही बसलात. दीड तास ते नीट बोलले. लग्नानंतर एवढा वेळ कधी बोलले नव्हते."

फोन ठेवल्यावर मला शरयूबद्दल बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण डोक्यात दुसरंच घर आलं होतं.

शरयूच्या आधी दोन महिने, शेजारच्या हेलमंड गावात मी एका बाईंकडे गेले होते. तिसरा मजला, जिन्यात ओल्या गालिच्याचा वास. त्या बाईंची मुलाखत माझी सगळ्यात लवकर संपलेली मुलाखत होती. कुठंही अडखळणं नाही, सव्वीसही प्रश्नांना नाही. मी कोट घालत असताना त्यांनी पुन्हा दूध तापत ठेवलं होतं. "बसा हो, अर्धा कप तर घ्या," त्या म्हणाल्या होत्या. मी आधीच दोन कप प्याले होते. पुढच्या वेळी नक्की, असं म्हणून मी कोटाची बटणं लावली. आपल्याकडे असं सगळेच म्हणतात. एक्केचाळीस घरांपैकी तीसेक घरांत मला बसा म्हटलं होतं. त्यातलं कुठलं आग्रहाचं होतं आणि कुठलं नव्हतं, हे मी कसं सांगू? पण त्या बाई गॅसपाशी उभ्या होत्या आणि दूध वर येत असताना दुधाकडे बघत नव्हत्या. माझ्या बटणांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसनं हेलमंडला गेले. सगळे कागद विद्यापीठात कुलपात होते, पण इमारत मला ठाऊक होती. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. एका वयस्क पोलिश बाईनं दार उघडलं. आधीचे भाडेकरू गेल्या वर्षी गेले, कुठं ते तिला माहीत नव्हतं. त्यांचं काही टपाल येतं का, विचारलं. नाही म्हणाली.

"त्यांचं नाव काय होतं?" तिनं विचारलं. "खाली केअरटेकरला विचारून बघते."

मी दारात उभी राहून आठवायचा प्रयत्न केला. बाईंचा चेहरा आठवत होता, निळा गाऊन आठवत होता, पण नाव काही केल्या आठवेना. उत्तरं मात्र सगळी पाठ होती. सव्वीसही एकच होती.